प्रोग्रॅम पहिल्यांदा चढला, मग डीबगरला चिप सापडेना

प्रश्न: स्वतः बनवलेल्या एसटीएम३२ (मायक्रोकंट्रोलर चिप) बोर्डावर पहिला प्रोग्रॅम नीट चढला. आता डीबगर (प्रोग्रॅम चढवायचं आणि तपासायचं उपकरण) ‘टार्गेट सापडत नाही’ म्हणतो. चिप गेली का?

उत्तर: बहुधा नाही. एकदा चढला म्हणजे जोडणी बरोबर होती. आधी संशय प्रोग्रॅमवरच घ्या. त्याने पीए१३ किंवा पीए१४ पिन (डीबगर यांवरूनच चिपशी बोलतो) साधी आउटपुट केली, किंवा चिप लगेच स्टॉप मोडमध्ये (गाढ झोपेत) गेली, की एसडब्ल्यूडी, म्हणजे डीबगरशी दोन तारांची जोडणी, बंद. डीबगरची एनआरएसटी, म्हणजे रीसेटची वायर जोडा (ती बरेच जण उगाच गाळतात), डीबगरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कनेक्ट अंडर रीसेट’ (चिप रीसेटमध्ये धरून जोडणी) निवडा आणि फ्लॅश (प्रोग्रॅम साठवणारी मेमरी) पुसा. बोर्डावर रीसेट पिन बाहेर काढलीच नसेल तर चिपची बूट० पिन ३.३ व्होल्टला धरून रीसेट द्या. बहुतेक मालिकांत चिप मग तुमचा प्रोग्रॅम सोडून बूटलोडरमध्ये (चिपमध्ये आधीपासून असलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) उठते, आणि डीबगर जोडून फ्लॅश पुसता येते. क्यूबएमएक्समध्ये (चिपच्या पिना ठरवायचं सॉफ्टवेअर) डीबगसाठी ‘सीरियल वायर’ निवडल्याशिवाय तोच प्रोग्रॅम पुन्हा चढवू नका. तरीही अडलंच, तर डीबगरच्या व्हीटीरेफ पिनवर (इथून डीबगरला बोर्डाचं व्होल्टेज कळतं) व्होल्टेज मोजा.