एकाच बीमवर दोन डिटेक्टर, मग हॉल कसा खणायचा?

प्रश्न: इंटरनॅशनल लिनियर कोलायडर या प्रस्तावित सरळ रेषेतल्या कण-टक्कर यंत्राच्या प्लॅनमध्ये दोन डिटेक्टर (टकरीतून काय निघतं ते टिपणारी यंत्रं) आलटूनपालटून बीमवर, म्हणजे कणांच्या झोतावर, आणणार असं वाचलं. सर्नच्या एलएचसी या गोल कोलायडरसारखे जमिनीखाली वेगळे हॉल का नाहीत? आणि एवढी धुडं हलवायची कशी?

उत्तर: एलएचसीच्या २७ किमीच्या रिंगमध्ये तेच प्रोटॉन फिरत राहतात, त्यामुळे चार ठिकाणी एकाच वेळी टकरी घेता येतात. लिनियरमध्ये इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचे गुच्छे एकदाच समोरासमोर येतात आणि उरलेला बीम सरळ डम्पमध्ये (बीम जिरवायच्या जागी) जातो. टकरीचा दुसरा पॉइंट काढला तर टकरी वाढत नाहीत, नुसत्या वाटल्या जातात, वर जादा बोगदा नि मॅग्नेटचा खर्च. तरी डिटेक्टर दोन हवेतच, कारण एकाला काही नवीन दिसलं तर ते खरं की मशीनची गडबड हे वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्यानेच सांगावं. म्हणून २०१३च्या डिझाइनमध्ये आयएलडी आणि एसआयडी नावाचे हे दोन डिटेक्टर एकाच हॉलमध्ये ठेवलेत, एक बीमवर, दुसरा बाजूला.

आता वजन. आयएलडी १४,००० टनांच्या आसपास, एसआयडी १०,००० च्या. दोघांखाली काँक्रीटचा जाड प्लॅटफॉर्म आणि तो रोलर किंवा एअरपॅडवर हळूहळू सरकवायचा. एलएचसीवरच्या सीएमएस डिटेक्टरचे तुकडे वर जमिनीवर जोडून शाफ्टमधून (उभ्या विहिरीतून) १०० मीटर खाली सोडले होते, सर्वात जड तुकडा २००७ मध्ये उतरवला, १,९२० टनांचा! म्हणजे वजन पेलणं जमतं.

खरी डोकेदुखी माझ्या मते वेगळी आहे. बाजूचा डिटेक्टर उघडून त्यात माणसं काम करत असणार आणि तेव्हाच शेजारी बीम चालू असणार, त्यामुळे रेडिएशन अडवायला शिल्डिंग हवं (डिटेक्टरचं स्वतःचं जाड लोखंडही त्यात धरतात), आणि एसआयडीचा मॅग्नेट ५ टेस्लाचा, त्याचं बाहेर सांडणारं फील्ड इतकं कमी हवं की शेजाऱ्यांची लोखंडी हत्यारं, क्रेन नीट चालली पाहिजेत. हॉलची लांबी, बाजूचे खोपे, शाफ्ट कुठे काढायचा, सगळं यावरून ठरतं. केबल आणि मॅग्नेट थंड ठेवणाऱ्या हिलियमच्या लाइनी डिटेक्टरबरोबर सरकणाऱ्या हव्यात, प्रत्येक वेळी सोडून जोडत बसलं तर अदलाबदलीत महिने जातील.

शिवाय परत आणल्यावर डिटेक्टर साधारण मिलिमीटरच्या आत जागेवर बसला पाहिजे. पुढचं बारीक काम मॅग्नेटचे मूव्हर (मॅग्नेट किंचित सरकवणारी यंत्रं) करतात, कारण टकरीच्या जागी बीमची उंची जेमतेम काही नॅनोमीटर असते. म्हणून हजारो टन इकडून तिकडे गेले तरी जमीन खचणार नाही असा चांगला खडक आधी शोधावा लागतो.