हँडब्रेक सोडला, तरी चाक सुटेना

प्रश्न : मुलगा नोकरीला पुण्यात असतो. त्याची जुनी छोटी पेट्रोल गाडी आमच्या सोसायटीत, कारेलीबागेत उभी असते. जूनअखेरीस येऊन गेला तेव्हा हँडब्रेक घट्ट ओढून गेला. मधे एकदा सोसायटीत चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी आलं होतं. आता नवरात्राआधी गाडी काढायला गेलो, तर इंजिन सुरू झालं, हँडब्रेकचा दांडा खालीही गेला, पण मागची दोन्ही चाकं जागची हलत नाहीत. शेजारचे म्हणतात, पहिला गियर टाका आणि जोरात रेस द्या, सुटेल. यजमान अडुसष्ट वर्षांचे आहेत, ते गाडीखाली जायला निघालेत. काय करावं?
– एक वाचक भगिनी, वडोदरा

उत्तर : ताई, आधी यजमानांना गाडीखाली जाऊ देऊ नका, आणि शेजाऱ्यांचा उपायही करू नका. का ते सांगतो, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे.

३१ जुलै २०१९ ला आपल्या शहरात एका दिवसात जवळपास वीस इंच पाऊस झाला, ते तुम्हाला आठवत असेल. माझी गाडी पाण्यात आठवडाभर उभी होती, हँडब्रेक ओढलेला. पाणी ओसरल्यावर दुसऱ्यांच्या गाड्यांची इतकी कामं आली की स्वतःच्या गाडीला वेळ द्यावासा वाटला नाही. रेस दिली, क्लच सोडला, मागून 'खाड्' असा आवाज आला आणि गाडी सुटली. मागच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम उघडून पाहिला नाही. दिवाळीत घरच्यांना घेऊन पावागडला गेलो, माचीला उतारावर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, आणि सगळे उतरत असतानाच गाडी मागे सरकायला लागली. सौ.चा एक पाय अजून आत होता. मी पायाचा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. घरी येऊन ड्रम काढला तेव्हा आतल्या एका ब्रेक-शूचा लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा पट्टा, निघून दोन तुकडे होऊन तळाशी पडला होता. तो तुकडा धावत्या गाडीत अडकला असता तर चाकच जाम झालं असतं. बत्तीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाने असं करायला नको होतं.

झालं होतं ते असं. तुमच्या मुलाच्या गाडीसारख्या लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम बिडाचा. त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू, त्यांवर लायनर चिकटवलेला. हँडब्रेक ओढला की केबल ताणली जाते आणि शू ड्रमला आतून दाबून बसतात. बीड ओलं झालं की रात्रभरात तांबूस होतं. तीन महिने दाबून ठेवलेला शू त्या गंजात रुततो. लायनर शूला नुसता डिंकाने धरलेला असतो, त्यामुळे जोर केला की गंज सुटण्याऐवजी लायनरच उखडतो. दोन्ही चाकं एकदम धरली आहेत आणि गाडी पाण्यात होती, म्हणून मी शूच चिकटलेत असं धरतो. केबल गंजून अडकली असती तर बहुधा एकच बाजू धरली असती.

घरच्या घरी एवढंच करून पाहा. पुढे-मागे जागा मोकळी ठेवा, दांडा पूर्ण खाली. पहिल्या गियरमध्ये क्लच अगदी सावकाश सोडा, गाडी निघू पाहते असं वाटलं की परत दाबा. मग रिव्हर्समध्ये तसंच. रेस अजिबात नाही. पाच-सहा वेळा पुढे-मागे केल्यावर 'टक' होऊन सुटली तर सुटली. नाही सुटली तर थांबा आणि मिस्त्रीला घरी बोलवा. गाडी ओढून गॅरेजला नेऊ नका, लॉक झालेली चाकं घासत जातात.

मिस्त्री आला की यजमानांनी खुर्ची टाकून समोर बसावं आणि पाहावं. सपाट जागा, इंजिन बंद, पहिला गियर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. चाकाचे नट जॅक लावण्याआधी सैल करायचे. नुसत्या जॅकवर काम नको, खाली स्टँड हवाच. दांड्याखालचा केबलचा नट सैल करून मग ड्रमवर चहूबाजूंनी लाकडी हातोडीने ठोकायचं, एकाच जागी नाही. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम बाहेर येतो. गंज सोडवायचा स्प्रे मधल्या हबभोवतीच मारावा. लायनरला तेल लागलं तर तो शू फेकायचाच.

आता माझा आग्रह. चाक फिरायला लागलं की पुष्कळ मिस्त्री 'हो गया' म्हणून चाक बसवतात. तुम्ही म्हणा, दोन्ही ड्रम उघडून दाखवा. आत विश्वामित्री नदीचा गाळ असेल. तो फुंकणीने किंवा हवेने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा, ती धूळ छातीत जाऊ नये. ओल्या फडक्याने पुसायचं. लायनरची कड नखाने उचलून पाहायची, हलली किंवा तडा दिसला की दोन्ही चाकांचे चारही शू बदलायचे, एका बाजूचे नाही. स्प्रिंगा गंजल्या असतील तर त्याही. व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारी छोटी नळी, ओलसर आहे का बघायचं. केबलचं रबर फाटलं असेल तर केबल नवी. जुनीत नुसतं तेल घातलं तर ती फार दिवस चालत नाही. शेवटी आधी शू अॅडजस्ट, मग केबल. किती 'टक-टक'वर हँडब्रेक धरायला हवा ते गाडीच्या पुस्तकात असतं. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला, ते हवेतलं पाणी ओढतं.

काम झाल्यावर चार-पाच किलोमीटर फिरून या आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. एक बाजू जास्त तापली असेल किंवा जळका वास येत असेल, तर शू अजून घासतोय.

आणि मुलाला कळवा : पावसाळ्यात गाडी ठेवून जाताना सपाट जागेवर गियरमध्ये ठेवायची, चाकाला पुढे-मागे विटा लावायच्या, हँडब्रेक ओढायचा नाही.

प्रश्न : आमच्या नव्या गाडीला दांडा नाही, बटणाचा हँडब्रेक आहे. पंधरा दिवस गाडी उभी होती, आता बटण दाबूनही तो सुटत नाही. काय खराब झालं असेल?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आधी बॅटरी पाहा. ह्या ब्रेकला मोटर असते; बॅटरी उतरली की तिला सोडायला ताकद उरत नाही. दुसऱ्या बॅटरीची तार लावून इंजिन सुरू करा, पायाचा ब्रेक दाबून धरा आणि मग बटण दाबा. तरी न सुटल्यास ठोकाठोक करू नका, कंपनीच्या यंत्रावर तपासून घ्या.