वाचकांचे प्रश्न : ट्रान्झिस्टर बदलला आणि आवाज फाटायला लागला

प्रश्न : सर, आमच्या देवगडच्या भजनी मंडळाच्या माईकसाठी एका बीसी 547 ट्रान्झिस्टरवर प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) केलाय, सप्लाय 12 व्होल्ट, ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर पायाला 3.9 के (किलोओहम) आणि बेस पायाला सप्लायवरून एकच 1 मेगचा (मेगओहम) रेझिस्टर. आधी मस्त चालायचा, पण ट्रान्झिस्टर उडाला म्हणून तसाच दुसरा टाकला तर आवाज फाटतो. असं का?

उत्तर : तसाच म्हणताय, पण नंबरपुढचं अक्षर बघा हो! ए असेल तर गेन (बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट) 110 ते 220, सी असेल तर 420 ते 800. तुमच्या सर्किटमधे बेस करंट साधारण 11 मायक्रोअँपला बांधलेला, मग गेन वाढला की कलेक्टर करंट त्याच पटीत वाढणार, आणि 3 मिलीअँपच्या आसपास गेला की ट्रान्झिस्टर सॅच्युरेट, म्हणजे पूर्ण उघडून तिथेच अडकतो, म्हणून आवाज फाटतो. मीटर लावून बघा, कलेक्टरला अर्धा व्होल्टसुद्धा मिळणार नाही. मे महिन्याच्या उकाड्यातही गेन वाढतोच.

तो 1 मेग काढूनच टाका. बेसपासून सप्लायला 47 के, ग्राउंडला 10 के, आणि एमिटरला (तिसऱ्या पायाला) ग्राउंडकडे 1 के लावा. बेसला 2 व्होल्टच्या आसपास येतील, एमिटरला सुमारे 1.4, म्हणजे करंट 1.4 मिलीअँप, कलेक्टरला साडेसहा व्होल्ट. करंट वाढायला लागला की एमिटरचं व्होल्टेज वर जातं, बेस-एमिटर ड्रॉप कमी होतो आणि करंट आपोआप आवरला जातो, मग ए टाका नाहीतर सी. एमिटर रेझिस्टरला 100 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर समांतर जोडायला मात्र विसरू नका, नाहीतर आवाज एकदम बारीक येईल.

आणि खाऱ्या हवेत बोर्डावर ओल धरते, त्यातूनही करंट गळतो, तेव्हा सोल्डरिंगनंतर फ्लक्स पुसून वार्निश माराच.