नक्स व्होमिका ३० की २००? त्याआधी शौचाचा रंग बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सहा महिने जेवल्यावर जळजळ, सकाळी तीनदा जाऊनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, कंबरेसाठी अधूनमधून पेनकिलर, आणि प्रश्न असा की नक्स व्होमिका या होमिओपॅथीच्या औषधाची पोटेन्सी (पातळ करण्याची पायरी) ३० ची २०० करू का, की मदर टिंक्चर, म्हणजे पातळ न केलेला मूळ अर्क, आणू. २०१६ साली माझं अगदी हेच चाललं होतं, पेनकिलरसकट. मी अकाउंट्समध्ये आहे. मार्चएंडची जागरणं, चहावर चहा, चिडचिड. नक्स ज्याला लागू पडतं म्हणतात त्या माणसाचं वर्णन वाचलं तेव्हा कुणीतरी मलाच बघून लिहिलंय असं वाटलं होतं.

गोळ्या कशा घ्यायच्या, कांदा-कॉफीचं पथ्य वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच.

मला सगळ्यात महाग पडलं ते एक वाक्य. चौथ्या महिन्यात शौच काळी व्हायला लागली. नुसती गडद नाही, डांबरासारखी चिकट, दोनदा फ्लश केलं तरी भांड्याला धरून राहणारी, आणि वास नेहमीपेक्षा फार उग्र. ज्या दवाखान्यातून पुड्या आणत होते तिथे सांगितलं, तर उत्तर मिळालं, "औषध लागू पडतंय, आधी त्रास उसळतोच." पोटाला हात लावला नाही, इतर काय औषधं घेता ते विचारलं नाही. बाटलीत नव्या गोळ्या भरून दिल्या, बाटलीवर औषधाचं नावही नाही. आणि मी ते मानलं! जिना चढताना धाप लागायची तीही 'उसळण्या'त धरली. सात आठवडे. शेवटी लोकलमध्ये चक्कर येऊन पडले, हिमोग्लोबिन ६.८ निघालं. एंडोस्कोपीत जठरात अल्सर, म्हणजे जखम, निघाली; त्यातून जाणाऱ्या रक्तानेच शौच काळी होत होती. कारण एच. पायलोरीचा जंतू, आणि वर पेनकिलरची भर. दोन बाटल्या रक्त, चौदा दिवस अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. त्या सात आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही.

मी डॉक्टर नाही, आणि घरातल्या कुणाच्या श्रद्धेला हात घालायचा नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. ३० म्हणजे शंभरात एक असं पातळ करणं तीस वेळा. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एक रेणूही हाती लागणं जवळपास अशक्य. २०० ची तर गोष्टच सोडा. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासून, एकाही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही असं सांगितलं. म्हणजे ३० ने अपाय होणार नाही, पण तुमचा वेळ जाईल, आणि माझा गेला तो वेळच.

मदर टिंक्चरचं मात्र वेगळं. नक्स व्होमिका म्हणजे आपला काजरा. ते खरोखर काजऱ्याच्या बियांचं असतं, त्यात स्ट्रिक्निन हे विष असतं. आमच्या कोकणात काजऱ्याची नारिंगी फळं दिसायला इतकी गोड, पण आजी आम्हाला झाडाखाली थांबू द्यायची नाही. बी चपटी, बटणासारखी, करडी, रेशमी लव असलेली. आयुर्वेदात ती शुद्ध करूनच वापरतात आणि तीही वैद्याच्या देखरेखीत. स्वतःच्या मनाने थेंब मोजू नका. कृपा करून.

आता तुमचं. रंग काळा आहे का, ते आज बघा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच तशीही काळसर होते, ते डॉक्टरांना सांगा. काळी-चिकट असेल, रक्ताची उलटी झाली, वजन उतरलं, गिळताना अडकलं, तर पोटेन्सीचा प्रश्न बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. यातलं काहीच नसलं तरी सहा महिने हा काळ थोडा नाही. एच. पायलोरीची तपासणी शौचाच्या नमुन्यावरही होते, लगेच एंडोस्कोपीची नळी घालतील ही भीती नको. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर तपासणीआधी किती दिवस थांबवायची, ते विचारून घ्या, नाहीतर जंतू असूनही निकाल निगेटिव्ह येऊ शकतो.

आणि पेनकिलरचं नाव, आठवड्यात किती, उपाशीपोटी की जेवून, हे कागदावर लिहून न्या. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं.