हामटा पाससाठी घरी वाळवलेली खिचडी

स्वयंपाकी न घेता मनालीजवळच्या हामटा पासच्या ट्रेकला चाललाय, तर मुगाची खिचडी घरी वाळवून नेण्याचा विचार उत्तम आहे. "नुसते डाळ-तांदूळ नेऊन वरच शिजवले तर?" असं तुम्ही विचारलंय, त्याचं आधी सांगते. वाटेतल्या मुक्कामांपैकी बालू का घेरा साधारण ३,६०० मीटरवर आहे, शिया गोरू त्याहून उंच. तिथे पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं. अशा पाण्यात डाळ बराच वेळ कचकचीत राहते, मऊ व्हायला खूप वेळ घेते आणि गॅस मात्र संपत जातो. कुकर पाठीवर वाहायचा नसेल तर शिजवण्याचं काम घरीच उरकायला हवं.

म्हणून खिचडी गुरगुट्या भातासारखी मऊ शिजवा. डाळ बिनसालीची घ्या. हळद, जिरेपूड, मीठ, किसलेलं गाजर शिजतानाच घाला, पण तेल-तूप थेंबभरही नको. ते वाळत नाही, आणि पुढे खवट होऊन सगळं पाकीट वाया जातं. तूप घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत वेगळं न्या आणि वर खाताना सढळ हाताने घाला. थंडीत ते अंगी लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खिचडी शिजली की लगेच ताटांत पातळ पसरा आणि वाळवायला लावा. शिजलेला भात तासन्‌तास तसाच राहिला तर त्यात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात की ते नंतर उकळूनही जात नाही. याच कारणासाठी जून-जुलैच्या दमट, ढगाळ हवेत गच्चीवर खिचडी वाळवू नका. सांडगे-कुरडयांचं ऊन चैत्र-वैशाखातलं असतं. अन्न वाळवण्याचं यंत्र (डीहायड्रेटर) नसलं तरी चालेल. ओव्हन ६०-६५ अंशांवर ठेवा, वाफ बाहेर पडावी म्हणून दारात लाकडी चमचा अडकवा आणि मधूनमधून गुठळ्या मोडत राहा. आठ-दहा तास लागतात, कधी जास्तही. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, नुसता दबला तर आत ओल आहे. गार झाल्यावर काचेच्या बरणीत दिवसभर बंद ठेवा. काचेला आतून ओल धरली तर पुन्हा ओव्हनमध्ये घाला.

नीट वाळलेली खिचडी हवाबंद पाकिटांत महिनाभर आरामात टिकते. तरी निघेपर्यंत मी फ्रीजमध्येच ठेवते.

चालून दमलेल्या माणसाला रात्री १२० ग्रॅम सुकी खिचडी लागते, आणि तिला साधारण तिप्पट पाणी. मुक्कामाला पोचल्यावर आधी पंधरा मिनिटं गार पाण्यात भिजू द्या, मग खळखळून उकळी आणा, दोन-तीन मिनिटांनी गॅस बंद करा आणि भांडं जाकिटात गुंडाळून वीस मिनिटं ठेवा. गॅसची खरी बचत या गुंडाळण्यात आहे.

उसळीबद्दलही विचारलंत. हरभरे, राजमा शिजवून अख्खेच वाळवले तर परत नीट मऊ पडत नाहीत. ते शिजवून, ठेचून मग वाळवा. मसूर मात्र शिजवून, न ठेचता वाळवून बिनघोर न्या. एखाद्या रात्री कंटाळा आला तर भाजलेल्या बेसनाचं पिठलं पाच मिनिटांत होतं.

गॅसचा डबा विमानात चेक-इन सामानातही चालत नाही. तो मनालीतच विकत घ्या, आणि तुमच्या शेगडीला बसतो का हे दुकानातच लावून बघा.