दहा बाय बाराच्या खोलीत ड्रम: भिंतींआधी स्लॅब बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत घराच्या वरच्या मजल्यावर १० बाय १२ फुटांची खोली, स्लॅब १० फुटांवर, खाली गुळगुळीत टाइल्स, लोखंडी दार आणि एक सरकती खिडकी. रेकॉर्डिंगला ड्रमकिटवर दोन ओव्हरहेड (किटच्या डोक्यावर लावलेले माइक) आणि किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, एक माइक. झांजा कानात घुसतात, स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) खणखणतो, किक कधी घुमते तर कधी गायब होते. अंड्यांचे ट्रे चिकटवून झाले, आता चारी भिंतींना एक इंची फोम लावायचा विचार आहे.

नका लावू, भाऊ. एक इंची फोम फक्त वरचे, म्हणजे बारीक पट्टीचे आवाज खातो. म्हणजे झांजांची चमक जाईल आणि किक आहे तशीच घुमत राहील. अंड्यांचा ट्रे हा शेवटी पातळ पुठ्ठाच, आणि थर्मोकोल तर आणखी निरुपयोगी, कारण त्यातून हवाच जात नाही. आवाज शोषायचा म्हणजे हवेची हालचाल धाग्याधाग्यांत अडकली पाहिजे, आणि खालच्या, म्हणजे जाड्या पट्टीच्या आवाजांसाठी त्या थराला जाडी लागते. आपल्याकडे वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातच रचून ठेवतात. तशा खोलीत जाऊन एकदा टाळी वाजवून बघा, ती हातातच विरते. त्याच खोलीच्या भिंतींवर कापसाची नुसती वाकळ टांगली असती तर एवढा फरक पडला नसता.

आता किकचं दुखणं. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींतलं अंतर दुप्पट करून त्याने या वेगाला भागलं की त्या दिशेला सगळ्यात खाली कोणता आवाज साचतो ते कळतं. १२ फुटांचा ४७ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४७ कंपनं), १० फुटांचा ५६. तुमची रुंदी आणि उंची दोन्ही १०, म्हणून ५६ ला दोन दिशांनी भर पडते, आणि किकचा जोर नेमका त्याच भागात असतो. (एप्रिलात खोली ४० अंशांवर गेली की आवाजाचा वेग वाढतो, पण ५६ चे फार तर ५८ होतील. त्याची चिंता नको.) खोलीच्या बरोबर मध्यावर हा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीलगत फुगतो. किक कधी घुमते, कधी गायब होते, ती यामुळेच.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी किट हलवा. कोपरा नको, बरोबर मध्यही नको. घरातल्या कुणाला तरी किकच्या पेडलवर बसवा, एकसारखे ठोके द्यायला सांगा आणि तुम्ही हेडफोन घालून माइक हातात धरून खोलीभर फिरा. फूटभर सरकलं तरी केवढा फरक पडतो ते तिथेच ऐकू येईल. मग किटची जागा दोनतीनदा बदलून हेच परत करा. लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून सुरुवात करा.

यानंतर खरा खर्च, आणि तो आधी छतावर. तुमचे ओव्हरहेड सात फुटांवर असतील तर स्लॅब त्यांच्यापासून तीनच फूट वर आहे. स्नेअरचा आवाज थेट माइकमध्ये येतो, आणि तोच स्लॅबवर आपटून सहाएक फुटांचा जास्तीचा फेरा मारून, पाच मिलिसेकंद उशिरा पुन्हा येतो. दोन्ही मिसळले की ९५, २८०, ४७० हर्ट्झच्या आसपास खड्डे पडतात. स्नेअरचं अंग त्यात जातं आणि नुसता खणखणाट उरतो. हे नंतर इक्वलायझरने (वेगवेगळ्या पट्टीचे आवाज कमीजास्त करून) नीट होत नाही. माइक बदलूनही होत नाही, त्यामुळे महागड्या माइकचं मनात असेल तर तूर्त थांबा.

किटच्या वर ४ इंच जाड रॉकवूलचे (दगड वितळवून केलेल्या धाग्यांच्या लोकरीचे), २ बाय ४ फुटांचे तीन पॅनल टांगा, स्लॅबपासून चारसहा इंच सोडून. घनता ४८ ते ६४ किलो प्रति घनमीटर चालते. बॉयलर आणि एसी डक्टचं इन्सुलेशन करणारे हेच वापरतात, त्यामुळे संभाजीनगरला वाळूज किंवा चिकलठाण्याच्या बाजूला चौकशी करा. लाकडी चौकट सुतार करून देईल. वरून मांजरपाट ताणून लावा. दुसरं कापड घ्यायचं झालं तर दुकानातच तोंडाला लावून फुंकून बघा, हवा आरपार गेली तर घ्या. रेक्झिन अजिबात नको. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, अंगाला फार खाजतं. पॅनल स्लॅबमध्ये फास्टनर मारून साखळीवर टांगा, गोंदावर भरवसा ठेवू नका, खाली माणूस बसणार आहे. मधला पंखा आडवा येईल, तो काढून भिंतीवरचा लावा. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा काय आणि कूलर काय, बंदच ठेवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात पहाटेच उरका.

पुढचा हप्ता कोपऱ्यांसाठी. तसलेच जाड पॅनल जमिनीपासून वरपर्यंत कोपऱ्यात तिरके उभे करा, मागची पोकळी कामी येते. बजेट संपलं असेल तर जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून दोनदोन रचा. रॉकवूलइतकं काम होत नाही, पण फोमपेक्षा कितीतरी बरं. फक्त कापूस पेट घेतो, तेव्हा बोर्ड, वायरी आणि दिव्यांपासून लांब. पावसाळ्यात ओल आणि उंदरांवरही नजर ठेवा.

भिंतींवर शेवटी, तेही थोडंच. टाळी वाजवल्यावर जिथे ‘टर्रर्र’ असा आवाज परत येतो, त्या समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर दोन पॅनल पुरेत. किटखाली सतरंजी टाका, ती घसरू नये म्हणून. आवाजात तिचा वाटा किरकोळ.

यातल्या कशानेही शेजाऱ्यांची झोप वाचणार नाही. आवाज बाहेर जाऊ न देणं हे वेगळं काम आहे. त्याला वजनदार भिंत, जड दार आणि एकही फट नसलेल्या चौकटी लागतात.

गावाकडे माळवदाचं घर शाबूत असेल तर मात्र एवढा खटाटोप करण्याआधी तिथे एक दिवस रेकॉर्ड करून बघा. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, सारवलेली जमीन. गुळगुळीत काही नसल्याने आवाज आपोआप विखुरतो.

हलगी आणि संबळही याच खोलीत घेणार म्हणालात. घ्या, पण त्या वेळी स्नेअरची खालची तार सैल करा, नाहीतर हलगीच्या प्रत्येक ठोक्यामागे ती झणझणत राहील आणि तुम्ही दोष खोलीला द्याल.