माळवदाच्या जुन्या वाड्याची भिंत फुगली आहे. शेड बांधणाऱ्या इंजिनिअरला काम द्यावं का?

तुमचा दगड-मातीचा, माळवदाचा (म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेला) वाडा सोलापूर जिल्ह्यातला, रस्त्याकडची भिंत फुगलेली, आणि ओळखीचे एमआयडीसीतले इंजिनिअर म्हणतात की आरसीसी कॉलम घालून वर स्लॅब टाकू. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, शेडही करतो आणि जुन्या इमारतीही. इंजिनिअर चालतील, पण हा बेत नको.

शेडच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास. तिथं धास्ती असते ती वाऱ्यानं छप्पर उचकटण्याची, पायातले बोल्टसुद्धा त्या ओढीसाठी तपासावे लागतात. माळवदावर अर्धा मीटर माती असेल तर चौरस मीटरला ८०० किलोच्या पुढे वजन जातं, पावसात भिजली की आणखी. ते जमिनीत कुठून उतरतं हे आधी शोधा. भिंतीला लागून आतून लाकडी खांब आहेत का? खणांचं, म्हणजे लाकडी खांब-तुळयांच्या चौकटींचं, बांधकाम असेल तर बहुतेक भार तुळयांवरून खांबांवर येतो आणि भिंत नुसती आडोशाला असते. तसं असेल तर दुरुस्ती खूप सोपी होते. तुळयांची टोकं भिंतीत घुसली असतील तर मात्र टेकू दिल्याशिवाय एक दगडही हलवू नका. भिंतीतलं टोक कुजलंय का, तेही पाहून घ्या.

आता फुगा. अशी भिंत म्हणजे बाहेरचा थर, आतला थर, आणि मधे चिपा नि माती. पन्हाळ तुंबली की पाणी मधल्या मातीत मुरतं, माती खाली बसते आणि बाहेरचा थर सुटतो. हातोडीनं हलकं ठोकून पाहा, सुटलेली जागा पोकळ वाजते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती दोन्हीकडे उकलल्या, कारण दोन थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. वर माळवदाची माती होतीच. जवळपास १०,००० माणसं गेली. आपल्या भागात भिंतीचं काम काढताना हे विसरून चालणारच नाही.

त्यानंतर तिकडे जो उपाय रुळला, तोच तुम्हाला सुचवतो. फुगलेला भाग उतरवून आरपार दगड घालत पुन्हा रचा. बाकी भिंतीत साधारण मीटर-मीटरवर दगड हातानं, न हादरवता काढून आरपार भोक करा, दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई ठेवून काँक्रीट भरा. ब्रेकर अजिबात लावू देऊ नका. माळवदाची माती २० सेंटिमीटरच्या आत आणा, आणि खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे लाकडी पट्टे मारा, म्हणजे सांगाडा आडव्या धक्क्याला टिकेल. बाहेरून सिमेंटचा गिलावा नको, आतली ओल कोंडते. चुन्याचा करा.

स्लॅबला माझा ठाम विरोध आहे. १५ सेंटिमीटर स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३७५ किलो, अर्धा मीटर मातीपेक्षा कमीच; अडचण वजनाची नाही. तो नव्या कॉलमवर उभा राहील, पण कॉलमच्या पायासाठी जुन्या भिंतीशेजारी खोल खड्डे खणावे लागतील, आणि ही भिंत सध्या ते सोसणार नाही.

त्या इंजिनिअरना विचारा, सध्या भार कशावर आहे? ते माळवदावर चढून, खांब ठोकून उत्तर देणार असतील तर काम द्या. न बघता एस्टिमेट पुढं केलं तर दुसरा माणूस शोधा. तोवर पन्हाळ मोकळी करा, आणि फुग्याखाली कुणाला बसू देऊ नका, गाडीही लावू नका.